नॅकची फाईल आणि माझ्या काउंटरवरची वही

आमच्या तालुक्याच्या कॉलेजच्या गेटासमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग, पॅनकार्ड, सातबारा आणि मुख्य म्हणजे महाडीबीटीचे, त्या सरकारी पोर्टलवरचे, स्कॉलरशिपचे फॉर्म. त्याच कॉलेजात मी बी.ए. केलं, राज्यशास्त्र घेऊन, म्हणजे गेटाच्या आतलं आणि बाहेरचं दोन्ही आपल्याला बऱ्यापैकी माहितीय असं मला वाटायचं. मग २०२३ च्या दिवाळीनंतर नॅकची टीम येणार म्हणून कॉलेजनं ढीगभर फायली माझ्याकडं बाइंडिंगला टाकल्या आणि रात्री अकरा-अकरापर्यंत पंच मारता मारता मी त्या वाचल्या. दुसरं करणार काय, मशीनचा दांडा दाबायचा अन् डोळे तर रिकामेच.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं कॉलेज आहे आमचं, नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, बीड जिल्ह्यात असे तालुके काही एकच नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅक म्हणजे बंगळुरूची संस्था, १९९४ ला सुरू झालेली, कॉलेजांना तेव्हा ए प्लस प्लसपासून डीपर्यंत ग्रेड द्यायची. सात निकष, मिळून १००० मार्क. आमच्यासारख्या विद्यापीठाला संलग्न कॉलेजला त्यातले ३५० एकट्या शिकवणं-मूल्यमापनाला, सहावा निकष कारभार-नेतृत्व-व्यवस्थापन त्याला १००, आणि सातवा संस्थेची मूल्यं, ज्यात सगळ्या जातीधर्माची, भाषेची, गरीब-श्रीमंत घरची पोरं नांदतात का वगैरे यायचं, त्यालाही १००. आकडे आधीच ऑनलाईन जायचे, टीम यायची ती उरलेलं बघायला.

तर निकष सहाची फाईल. हिरवं कव्हर. त्यात एका पानावर माझंच नाव. महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, उपस्थित सदस्य, खाली माझं नाव, पुढं ‘माजी विद्यार्थी प्रतिनिधी’ आणि माझी सही. सही माझीच होती, खोटं कशाला बोलू. झालं असं होतं की दोन वर्षांपूर्वी अण्णांचा (संस्थेचे अध्यक्ष, तालुक्यात सगळे अण्णाच म्हणतात) फोन आला होता की तुला कमिटीवर घेतलंय, कायद्यात एक माजी विद्यार्थी लागतो, तू गेटासमोरच असतोस तर बरं पडतंय. मला काय, आनंदच झाला, बायकोला पण सांगितलं. त्यानंतर वर्षातून काही वेळा कॉलेजचे शिपाई मामा रजिस्टर घेऊन काउंटरवर यायचे, "इथं करा" म्हणायचे, गिऱ्हाईक उभं असायचं, मी करायचो. त्या सह्यांच्या बैठका झाल्या होत्या म्हणे. ठराव पण झाले होते, ‘सर्वानुमते मंजूर’. मी एका ठरावाला अनुमोदनही दिलं होतं, पार्किंगच्या शेडचं.

मग मी घरी जाऊन मोबाईलवर कायदाच उघडला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६, कलम ९७. पूर्वी १९९४ च्या कायद्यात हिला स्थानिक व्यवस्थापन समिती म्हणायचे, जुने लोक अजून एलएमसीच म्हणतात. कागदावर ही कमिटी लई चांगली आहे हो. संस्थेचा अध्यक्ष, सचिव, प्राचार्यांनी दिलेला एक विभागप्रमुख, पूर्णवेळ शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक ज्यात एक तरी बाई पाहिजे, निवडून आलेला एक शिक्षकेतर कर्मचारी, गावातली चार माणसं शिक्षण-उद्योग-संशोधन-समाजसेवेतली ज्यात एक माजी विद्यार्थी, आयक्यूएसीचा (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचा) समन्वयक, विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव, प्राचार्य सदस्य-सचिव. वर्षाला कमीत कमी चार बैठका. कॉलेजचं बजेट, विकासाचा आराखडा, नवीन कोर्स, ॲडमिशनची पद्धत सगळं यांच्यासमोर आलं पाहिजे.

आता हे आमच्याकडं लावून बघा. अध्यक्ष आणि सचिव बाप-लेक. विद्यार्थी परिषदेचे दोघं, तर महाराष्ट्रात कॉलेजच्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या त्या २०१६ च्या कायद्यात परत आणल्या, पण आमच्या कॉलेजात काही मी मतपेटी बघितली नाही, तेव्हा त्या दोन खुर्च्या रिकाम्या. निवडून आलेले तीन शिक्षक: पूर्णवेळ शिक्षकच उरलेत बोटावर मोजण्याइतके, जे रिटायर झाले त्यांच्या जागी तासिकेवरची माणसं, ज्यांना आपण सीएचबी म्हणतो, आणि त्यांना मतच नाही. म्हणजे वर्गावर जाणारी बहुतेक माणसं कमिटीच्या बाहेर. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली माणसं, तासाच्या हिशोबानं पगार, तोही कधी सहा महिन्यांनी, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. त्यातले एक सर माझ्याकडं मे महिन्यात लग्नपत्रिकांची डीटीपी करायला बसतात. मराठीचे आहेत, शुद्धलेखनाची चूक निघत नाही, एवढा फायदा.

पण मला मुख्य लिहायचंय ते सातव्या निकषाच्या फाईलबद्दल. ती निळी होती, आणि त्यात कलर प्रिंटचा गोल तक्ता होता, कापलेल्या टरबुजासारखा. अ.जा. इतके, वि.जा.(अ) इतके, भ.ज.(ब), (क), (ड) इतके, इ.मा.व. इतके, मुली इतक्या, अल्पसंख्याक इतके. ‘समावेशक वातावरण’. खाली जिओटॅग केलेले फोटो, अक्षांश-रेखांशासहित: ईदचा शीरखुर्मा, सेवालाल महाराजांची जयंती, एक मुलगी वडारी बोलीत गाणं म्हणतेय, एक पोरगं व्हीलचेअरवर नव्या रॅम्पवर. (ती व्हीलचेअर सरकारी दवाखान्यातून दोन दिवसांसाठी आणली होती आणि त्यावर बसलेलं पोरगं एनसीसीचं धडधाकट होतं, पण रॅम्प मात्र खरा आहे, सिमेंटचा, आता त्याच्यावरून सगळे बुलेट चढवतात.)

आणि मी काय म्हणतो, तक्ता खोटा नव्हता. हेच तर आहे. आमच्या कॉलेजात खरंच सगळे आहेत. पहिल्या बाकावर पाटलाची पोरगी अन् तांड्यावरची पोरगी शेजारी बसतात, मागच्या बाकावर बागवानाचं पोरगं दख्खनीत काहीतरी कुजबुजतं अन् वंजाऱ्याचं पोरगं दख्खनीतच उत्तर देतं. हे मुंबई-पुण्याच्या किती कॉलेजांत दिसेल मला शंका आहे. आमच्या वडिलांच्या वडिलांच्या काळात मराठवाड्यातल्या माणसाला डिग्रीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं, उस्मानियात, आणि तिथं शिकवायचे उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला, १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं ते पुढचं मिलिंद, त्याच साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या लोकांनी पीपल्स काढलं, १९५८ ला विद्यापीठ आलं. मग त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा १९७८ च्या जुलैत ठराव झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, मधल्या सोळा वर्षांत गावागावात घरं जळाली, माणसं मेली. विद्यापीठ कुणाचं ह्या प्रश्नावर ज्या मुलखात एवढं झालं तिथं सगळ्या जातीची पोरं एका बाकावर बसतात ह्याची किंमत मला आहे. तेव्हा हा गोल तक्ता बघून मी हसलो नाही.

मला खटकलं ते वेगळंच. दोन गोष्टी.

एक. तक्त्यात खुल्या प्रवर्गाचा जो तुकडा होता त्यात एक पोरगं होतं ज्याला मी ओळखतो. मसणजोग्याचं. पालावरचं. घरातलं पहिलंच बारावी झालेलं. हा खुल्यात कसा? कारण त्याच्याकडं जातीचा दाखला नाही. भटक्या-विमुक्तांना दाखला काढायला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो, राहण्याचा नाहीतर जातीचा. अ.जा.ला १० ऑगस्ट १९५०, इ.मा.व.ला १३ ऑक्टोबर १९६७, ह्या तारखा मला पाढ्यासारख्या पाठ आहेत. आता ज्या माणसाचा आजा ह्या गावातून त्या गावात फिरत होता, शाळेत गेलाच नाही, जमीन नाही, त्याचा १९६१ चा कागद कुठून आणणार? हल्ली मराठवाड्यात चहाच्या टपरीवर सुद्धा हैदराबाद गॅझेट आणि निजामाच्या नोंदी हाच विषय असतो, कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती शिंदेंची समिती बसली ती २०२३ लाच. पण नोंद सापडायला आधी कुणीतरी तुमची नोंद घ्यायला पाहिजे ना. तर हे पोरगं, म्हणजे ह्या कॉलेजातलं बहुतेक सगळ्यात मागचं घर, ते तक्त्यात खुल्यात, अण्णांच्या नातवाच्या प्रवर्गात. आणि फी पूर्ण भरतं.

तहसीलचे हेलपाटे मी त्याच्याबरोबर घातलेत, दोनदा. गृहचौकशी करून दाखला देता येतो म्हणतात. सांगायला बरं आहे.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. माझ्या काउंटरवर एक लांबट वही असते, निळ्या पुठ्ठ्याची. फॉर्म भरला की नाव, वर्ग, मोबाईल, आयडी आणि पासवर्ड त्यात लिहून ठेवतो, कारण पोरं पासवर्ड विसरतात अन् ज्या नंबरवर ओटीपी येतो तो नंबर बंद पडलेला असतो. (पासवर्ड असे लिहून ठेवू नयेत हे मला कळतं, कमेंटमध्ये शिकवू नका.) महाडीबीटीत पहिल्या वर्षी नवीन अर्ज, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण. त्या रात्री फायली बांधून झाल्यावर सहज वही चाळली. पहिल्या वर्षाची नावं दोन्ही रकाने भरून, खाली समासात सुद्धा. तीच बॅच पुढच्या वर्षी नूतनीकरणाला: दीड रकानासुद्धा भरला नव्हता. तिसऱ्या वर्षाला पान निम्मं रिकामं.

सगळी काही माझ्याकडंच येतात असं नाही, स्टँडजवळ दोन दुकानं आहेत, काही पोरं मोबाईलवर करतात. पण इतकी?

मग मी परत फायलीकडं गेलो, की ही गेलेली पोरं कुठल्या फाईलीत आहेत. नाहीत. दुसऱ्या निकषात एक आकडा आहे, राखीव जागांवर किती प्रवेश दिले. तो आमचा भरभक्कम, आणि का नसेल, आमच्याकडं बी.ए.च्या जागाच रिकाम्या राहतात, कुणाला नाही म्हणायची वेळ येत नाही, आरक्षण भरायला आम्हाला काही करावं लागत नाही, फक्त दार उघडं ठेवायचं. त्याच निकषात खाली दुसरा आकडा, शेवटच्या वर्षाचे किती पास झाले. तो पण चांगला. पण तो काढतात कसा, तर शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला जितके बसले त्यातले किती पास. जो पहिल्याच सेमिस्टरला गेला तो ह्या भागाकारात वर पण नाही अन् खाली पण नाही. दारातून आत आलेले मोजले, आणि पलीकडच्या दारातून बाहेर पडले ते मोजले, मधल्या बोळात कोण बसलं ते कुणाच्याच आकड्यात नाही. उलट अडचणीतली पोरं लवकर गळाली तर शेवटच्या वर्षाचा निकाल चांगलाच दिसणार.

ह्यातलं बरंचसं मला आधीच दिसत होतं, फक्त एकत्र करून बघितलं नव्हतं. आमचा तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी लागते, उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, ते निघतात कोल्हापूर, सांगली, पलीकडं बेळगावकडं, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलला परत. लहान लेकरांसाठी हंगामी वसतिगृह आहे, झेडपी शाळेच्या पोरांसाठी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना २०२१ ला आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, चांगलीच गोष्ट आहे. पण कॉलेजातली अठरा वर्षांची पोरगी तीन लहान भावंडं सांभाळायला कोप्यावर (फडाजवळच्या झोपड्यांवर) गेली किंवा गावात म्हातारीजवळ थांबली तर तिचं काय? आणि पहिल्या सेमिस्टरची परीक्षा नेमकी कधी, तर दिवाळीनंतर. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम कधीचा, तर त्याच महिन्यांचा. त्यातल्या त्यात पोरींचं अजून एक. पोरगी मोठी झाली, आई-बाप सहा महिने बाहेर, घरी ठेवायची कुणाच्या भरवशावर, त्यापेक्षा लग्न लावून दिलं की नवा कोयता तयार, उचल पण मिळते. हे मी बीडच्या बाहेर सांगितलं की लोकांना अतिशयोक्ती वाटते.

पोरांचं वेगळं. ती चाकण-रांजणगावला कंपनीत जातात, नाहीतर पोलीस भरतीच्या अकॅडमीत. नाव कॉलेजात तसंच राहतं.

एसटीचं पण ऐका. मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास आहे तो बारावीपर्यंत. तेरावीला तोच रस्ता, तीच गाडी, पण पैसे पडतात. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना तिकीट निम्मं झालं म्हणून बरं, पण निम्म्याला सुद्धा पैसे लागतात, अन् रोज लागतात. डोंगरातल्या तांड्यावरून येणारी गाडी सकाळी एकच, ती येते साडेनऊला, अन् कॉलेज तेव्हा भरायचं साडेसातला. पहिले दोन तास बुडालेच. बारावीपर्यंत आलेली पोरगी तेरावीला का गळते ह्याच्यावर सेमिनार घ्यायची गरज नाही, स्टँडवर सकाळी उभं राहा.

तर टीम यायच्या आठ दिवस आधी खरीखुरी बैठक झाली, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. माझी पहिलीच. ड्रायफ्रूट होते. अण्णा, भैय्या (सचिव), प्राचार्य सर, आयक्यूएसीच्या मॅडम, तीन-चार सर लोक, हेडक्लार्क. विषय होते रंगरंगोटी, तुतारी कोण वाजवणार, फेटे किती, पाहुण्यांचं जेवण, त्यातले एक जैन असतील का. मी शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ ह्यात हात वर केला. म्हणलं, सर, पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती राहतात, कोणत्या प्रवर्गातले, मुली किती, असा एक कागद करता येईल का?

दोन सेकंद शांतता. मग भैय्या म्हणाले, "अरे तुझं फॉर्मचं गिऱ्हाईक कमी झालं म्हणून बोलायलास काय?" सगळे हसले, मी पण हसलो, कारण ते पण खरंच आहे, एका फॉर्मचे मी पैसे घेतो.

प्राचार्य मात्र हसले नाहीत. चांगला माणूस आहे, दोन वर्षांनी रिटायर. ते म्हणाले की असा कागद केला तर तो दाखवावा लागेल, आणि दाखवला तर टीम विचारेल की मग तुम्ही काय केलं, आणि आपण काय केलंय? माझ्याकडं मंजूर जागांवर माणसं किती आहेत तुला माहितीय, बाकी सगळे सीएचबी, पोरगं आलं नाही तर घरी जाऊन विचारणार कोण? अण्णा एवढंच म्हणाले, "आपण कुणाला काढत तर नाही ना. जातात त्यांचं ते जातात." आणि घड्याळ बघितलं. इतिवृत्तात माझा प्रश्न ‘विद्यार्थी संख्यावाढीबाबत चर्चा झाली’ असा आला. ते इतिवृत्त पण बाइंडिंगला माझ्याकडंच आलं.

अण्णांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण ते खोटं नाही. आमच्या कॉलेजात कुणाला जातीवरून बाहेर काढल्याचं मी ऐकलं नाही. पण कमिटीत बसलेल्या एकाच्याही घरातलं कुणी फडात गेलेलं नाही. त्यांची पोरं लातूरला नीटच्या क्लासला असतात किंवा पुण्याला. त्या खोलीत साडेनऊची गाडी ठाऊक असलेला माणूस असता तर पहिला तास दहाला ठेवा हे पाच मिनिटांचं काम होतं. माझं स्वतःचंही तेच, मी गावातला, वडील सोसायटीत सेक्रेटरी, मला ही गाडी माहिती झाली ती पोरी माझ्या काउंटरवर येऊन रडायच्या म्हणून. कारभार आणि समावेशकता नॅकनं दोन वेगळ्या फायलींत ठेवलेत, हिरवी अन् निळी. मी दोन्ही बांधल्या, मला तर ती एकच फाईल वाटली.

त्या रात्री नऊला शटर ओढत होतो तर आयक्यूएसीच्या मॅडम स्कूटीवर आल्या. पेनड्राइव्ह दिला. म्हणाल्या, "ह्यात ॲडमिशनच्या याद्या आहेत आणि परीक्षा फॉर्म भरलेल्यांच्या. टीसी कुणी काढत नाही, त्यामुळं गेलेलं कळत नाही. परीक्षा फॉर्म नाही भरला की गेलं समजायचं. तुम्ही एक्सेल चांगलं करता." मग आम्ही दोघं, बायको चहा करत होती, साडेअकरापर्यंत याद्या लावल्या. आकडे इथं देत नाही, ते कॉलेजचे आहेत आणि मॅडमची नोकरी आहे. एवढं सांगतो की सगळ्यात मोठी गळती दुसऱ्या वर्षात नव्हती, पहिल्याच सेमिस्टरच्या परीक्षा फॉर्मला होती, आणि ज्या गावांच्या नावांवर मी पेन्सिलीनं खुणा केल्या त्यातली बरीचशी त्या एका गाडीच्या रस्त्यावर होती. खुणा करून झाल्यावर मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या आहेत ह्या. मला वाटलं बी.एड.ला वगैरे गेल्या असतील." पहिल्या वर्षाच्या पोरी बी.एड.ला कशा जातील, पण मी काही बोललो नाही.

टीम आली. तिघंजण, सगळे परराज्यातले, चेअरमन कुठलेतरी माजी कुलगुरू. माजी विद्यार्थ्यांशी चर्चेला वीस मिनिटं. आम्ही तीसेक जण फेटे बांधून बसलेलो. चेअरमननी हिंदीत विचारलं की कॉलेजच्या कारभारात तुमचा रोल काय? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण कमिटीवर मीच. मी हिंदीत म्हणलं की सर, मैं साइन करता हूँ. हशा झाला, त्यांना विनोद वाटला. मग मी ते गाडीचं सांगितलं, पहिल्या सेमिस्टरचं सांगितलं, तोडकंमोडकं, ऊसतोडीला हिंदीत काय म्हणतात ते ऐनवेळी सुचेना, ‘गन्ना काटने जाते हैं’ म्हणलं. त्यांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं झालं काम. महिन्यानं रिपोर्ट आला, त्यात शिफारस होती की माजी विद्यार्थी संघटना अधिक सक्रिय करावी. ग्रेड बी प्लस. गुलाल उधळला, अण्णांच्या फोटोचा फ्लेक्स लागला, फ्लेक्सचं डिझाईन मीच केलं.

काही बदललं का, तर थोडं. प्राचार्यांनी कुणाला न सांगता पुढच्या वर्षी बी.ए.चा पहिला तास दहाला नेला, ठराव वगैरे काही नाही, नुसती नोटीस लावली. आगारप्रमुखांना पत्र पण दिलं, गाडी काही आली नाही. मॅडमनी ऑफिसात एक रजिस्टर सुरू करायला लावलं, सोडून गेलेल्यांचं, त्यात ‘कारण’ असा रकाना. परवा सहज बघितलं. हेडक्लार्कनं सगळ्यांपुढं एकच लिहिलंय, ‘घरगुती’, आणि दुसऱ्या ओळीपासून खाली नुसतं ‘—”—’. मसणजोग्याच्या पोराचा दाखला अजून नाही. तो सध्या माझ्याच दुकानात संध्याकाळी बसतो, टायपिंग माझ्यापेक्षा फास्ट आहे. कमिटीची मुदत संपेपर्यंत मी अजून सदस्य आहे. मामा रजिस्टर घेऊन आले की आता मी विचारतो बैठक कधी झाली, तर ते म्हणतात, "मला काय विचारता साहेब, मी तर शिपाई."

हे लिहीत असताना पण काउंटरवर एक पोरगी उभी आहे, दुसऱ्या वर्षाची, नूतनीकरणाला आलेली. म्हणजे राहिली. आधार बापाच्या नंबरला जोडलेलं, बाप फडात, ओटीपी तिकडं जातो आणि दहा मिनिटांत मरतो. तीन वेळा पाठवला.

"पप्पा, आत्ता आलेला नाही, त्याच्या खालचा, खालचा बघा," ती फोनवर ओरडायलीय, "सहा आकडी हाय बघा. हां. चार. चार, मग? आवाज येईना झालाय पप्पा, जरा बांधावर या."